मुलाच्या शिफारसपत्रात काय लिहिलेले नसते

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकातल्या विवाहविषयक छोट्या जाहिरातींत ख्रिस्ती स्थळेही असतात. मुलाची उंची, शिक्षण, पगार, मंडळी (म्हणजे तो कोणत्या चर्चचा) आणि शेवटी 'निर्व्यसनी, सुस्वभावी, देवभीरू' असा मजकूर. उंची दिसते, पगार स्लिपवरून कळतो. बाकीच्या तीन गोष्टी तपासायला आपल्या मराठी मंडळ्यांत एकच कागद मागितला जातो, तो म्हणजे मुलाच्या पाळकसाहेबांचे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचे, शिफारसपत्र. आम्ही लग्नापूर्वीचे मार्गदर्शनवर्ग घेणारे कार्यकर्ते आहोत, त्यामुळे ही पत्रे आमच्या नेहमीच्या वाचनातली. मुलाचा बाप्तिस्मा झाला आहे, दृढीकरण (जाणतेपणी विश्वासाची जाहीर कबुली) झाले आहे, उपासनेला नियमित येतो, तरुण संघात असतो, विवाहास मंडळीची हरकत नाही. यातले एकही वाक्य खोटे नसते. पण मुलगा चिडला की काय करतो, त्याच्या डोक्यावर कर्ज किती, घरात कोणी आजारी पडले तर तो रजा काढतो की मित्राकडे झोपायला जातो, याबद्दल त्यात अवाक्षर नसते. संसार विस्कटतात ते मात्र नेमके इथे.

यात पाळकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना मुलगा दिसतो तो रविवारी सकाळी दीड-दोन तास, इस्त्रीच्या शर्टात. म्हणून वधूकडच्यांना आमचे पहिले सांगणे असे की शिफारसपत्र जरूर घ्या, पण आणखी तिघांशी बोला. एक त्याची बहीण, सख्खी नसेल तर त्याच घरात वाढलेली चुलत किंवा मावसबहीण. दुसरा त्याच्याबरोबर खोलीत राहिलेला किंवा एकाच शिफ्टमध्ये काम केलेला सोबती. तिसरा ज्याने त्याला कधी पैसे उसने दिले असा माणूस. बहिणीला 'स्वभाव कसा आहे' असे विचारू नका, 'चांगला आहे' हेच उत्तर येणार. जेवायला उशीर झाला तर तो काय म्हणतो, तिचा फोन तो न विचारता उघडतो का, आईशी वाद झाला तर बोलणे किती दिवस बंद राहते, असे साधे प्रश्न विचारा. सोबत्याला विचारा की भाड्याचा वाटा तो स्वतःहून देतो की आठवण करावी लागते. उसने देणाऱ्याला एकच विचारायचे: पैसे मागावे लागले का? थोडक्यात जो विश्वासू तो पुष्कळातही विश्वासू, हे बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातले वचन पाठ असलेली मुले खूप आहेत. तपासायचे असते ते थोडक्यातले.

गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याची नऊ फळे सांगितली आहेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. वर्गात मुलांना ती धडाधड म्हणता येतात. पण गेल्या आठवड्यात सहनशीलता घरात कुठे दिसली, असे विचारले की वर्ग गप्प होतो. म्हणून या गुणांवर व्याख्यान देण्यापेक्षा मागणी घालण्याच्या आधीचे एक वर्ष काही ठरावीक कामे करायला लावावीत, असे आमचे मत आहे. गुण अंगात आहे की नुसता तोंडात, हे ती कामे करताना ज्याचे त्याला कळते.

सुरुवात पैशापासून करावी, कारण तिथे लपवाछपवी लवकर उघडी पडते. सलग सहा महिने रोजचा खर्च वहीत किंवा मोबाइलवर लिहायचा, चहा-वडापावसकट. पहिल्या महिन्यात बहुतेकांच्या हिशेबात 'इतर' नावाचा रकाना फुगलेला असतो. तो फोडायला लावला की त्यात ऑनलाइन रमी, मित्रांच्या पार्ट्या आणि हप्त्यावर घेतलेला फोन निघतो. समजा मुलाच्या हातात महिन्याला २४,००० रुपये येतात. दशांश (मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग) २,४००, घरी ५,०००, दुचाकीचा हप्ता ३,२००, फोनचा १,५००, प्रवास आणि बाहेरचे खाणे ६,०००. उरले ५,९००. आता लग्नासाठी ३ लाखांचे वैयक्तिक कर्ज वर्षाला १४ टक्के दराने ३ वर्षांसाठी काढले, तर हप्ता बसतो सुमारे १०,२५० रुपये आणि एकूण परतफेड होते ३ लाख ६९ हजारांच्या आसपास. म्हणजे लग्नाच्या पहिल्याच महिन्यात ४,३५० रुपये कमी पडणार, आणि त्यात अजून घरभाडे धरलेलेच नाही. हे गणित मुलाने स्वतःच्या हाताने मांडले पाहिजे. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असे प्रभूने सांगितले, ते लग्नाच्या हॉललाही लागू आहे.

यात बिघडते ते असे: कर्जाची गोष्ट मुलीला सांगितलेली नसते. लग्नानंतर दोन-तीन महिन्यांनी हप्ता चुकतो, वसुलीवाल्याचा फोन तिच्यासमोर येतो, मग तिच्या पगारातून हप्ता जाऊ लागतो. पैशापेक्षा फसवणुकीची जखम खोल असते. त्यामुळे साखरपुड्याआधी दोघांनी एका कागदावर चार गोष्टी लिहून एकमेकांना द्याव्यात: देणी, घेणी, कुणाला जामीन राहिलो आहोत का, आणि घरच्या कुणाची जबाबदारी आपल्यावर आहे. क्रेडिट रिपोर्टही, म्हणजे आपल्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, दाखवावा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. जामीन राहण्याबद्दल नीतिसूत्रांच्या पुस्तकात पुन्हा पुन्हा इशारे आहेत. आपल्याकडे मात्र मित्राच्या बाइकच्या कर्जावर सही करणे ही दोस्ती समजली जाते आणि त्या सहीची आठवण थेट नोटीस आल्यावर होते.

दुसरीकडे, उदार मुलगा म्हणजे हिशेबी मुलगा नव्हे, हेही सांगायला हवे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे घर मराठी ख्रिस्ती माणसाला परके नाही. त्यांचा विश्वास आणि त्यांची कविता या दोन्हींबद्दल शंका नाही, पण हाती आलेला पैसा वाटून टाकण्याच्या त्यांच्या सवयीने पत्नी लक्ष्मीबाईंची किती ओढाताण झाली हे लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवले आहे. त्याच टिळकांची दुसरी बाजूही पाहावी. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा आणि लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधली वर्षे दोघांनाही जड गेली. पण लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर. आजच्या मुलांनी धीर टिळकांकडून शिकावा, हिशेब मात्र दुसऱ्या कुणाकडून.

रागाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे शास्त्रवचनांचाच गैरवापर होतो. 'तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये' हे इफिसकरांस पत्रातले वचन धरून काही मुले रात्री बारा वाजता बायकोला झोपू देत नाहीत. आत्ताच्या आत्ता मिटव, कारण शास्त्र सांगते. दमलेल्या, रडलेल्या माणसाकडून कबुली काढणे म्हणजे समेट नव्हे. आम्ही मुलांना पायऱ्या सांगतो त्या अशा. आवाज चढला, हात थरथरला, कान तापले की बोलणे थांबवायचे. थांबताना कुठे जातो आणि किती वेळात परत येतो हे सांगूनच उठायचे. अर्धा तास पुरतो. दार आपटून, फोन बंद करून निघून जाणे यात बसत नाही. त्या अर्ध्या तासात मित्राला फोन लावून बायकोची तक्रार सांगायची नाही, नाहीतर राग निवण्याऐवजी शिजतो. परत आल्यावर एकाच विषयावर बोलायचे आणि मागच्या दिवाळीचा विषय काढायचा नाही. त्या रात्री मिटले नाही तर निदान दुसऱ्या दिवशीची वेळ ठरवून झोपायचे. सूर्य मावळण्यापूर्वी वैर सोडता येते, प्रश्न सुटायला कधी कधी आठवडा लागतो.

आणि अबोला. मराठी घरांत त्याला कुणी राग म्हणतच नाही. 'तो काही बोलत नाही, शांत आहे' असे कौतुकाने सांगितले जाते. चार-चार दिवस न बोलणारा मुलगा सौम्य नसतो, तो शिक्षा देत असतो. बहिणीला विचारायच्या प्रश्नांत अबोल्याचा प्रश्न आम्ही म्हणूनच घातला आहे.

क्षमा मागण्याचाही सराव लागतो. आपण काय केले ते नाव घेऊन सांगायचे: 'तुझ्या वडिलांबद्दल पाहुण्यांसमोर वेडेवाकडे बोललो.' त्यानंतर 'पण' हा शब्द येऊ द्यायचा नाही. तिला काय लागले ते ऐकून घ्यायचे आणि नुकसान भरून काढायचे, म्हणजे इथे त्या पाहुण्यांसमोरच चूक कबूल करायची. क्षमा लगेच मिळालीच पाहिजे असा हट्ट धरायचा नाही. 'प्रभूने तुला क्षमा केली ना, मग तू मला कर' हे वाक्य चूक करणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. हा सराव लग्नाआधी आईवर, धाकट्या भावावर, दुकानातल्या पोऱ्यावर करता येतो. आपल्याहून लहान माणसाची क्षमा ज्याने कधी मागितलेली नाही, तो बायकोची मागेल असे धरून चालू नये.

मुलाने हात उचलला असेल, मग तो आईवर असो, बहिणीवर असो की वाग्दत्त वधूवर, तर तिथे थांबावे. 'लग्नानंतर सुधारेल' आणि 'आम्ही प्रार्थना करतो आहोत' ही दोन वाक्ये ऐकून आईबाप पुढे जातात. प्रार्थना करावीच, पण मुलगी त्या घरात न पाठवता करावी.

अधिकाराबद्दलही एवढेच रोखठोक लिहायला हवे. 'पत्नींनो, अधीन असा' हे इफिसकरांस पत्रातले वचन आमच्या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला येते. त्याच्या वरचे एकविसावे वचन, जे दोघांनाही एकमेकांच्या अधीन राहायला सांगते, ते फार थोड्यांना. इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडून मोजायला सांगावे. २२ ते २४ ही तीन वचने पत्नींसाठी आहेत आणि २५ पासून अध्याय संपेपर्यंतचा बहुतेक मजकूर पतींसाठी. त्यात मापही दिले आहे: ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तसे. ज्याला जास्त वचने लागू, त्याने आधी आपली पाठ करावीत. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर पतीने पत्नीला मान दिला नाही तर त्याच्या प्रार्थनांत अडथळा येतो असे बजावले आहे. हे वचन लग्नाच्या उपदेशात क्वचितच ऐकू येते.

आता घरकाम. योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्यावर उत्तम बायबल अभ्यास घेणारा तरुण स्वतःचे ताट उचलत नाही, हे चित्र दुर्मीळ नाही. तीन महिने त्याने घरातली काही कामे पूर्णपणे अंगावर घ्यावीत. पूर्णपणे म्हणजे आठवण करून द्यावी न लागता. स्वतःचे कपडे धुणे, आठवड्यातून दोनदा संडास-बाथरूम घासणे, गॅस सिलिंडर कधी लावला त्याची तारीख लिहून पुढचा वेळेत बुक करणे, आणि आठवड्यातून चार वेळा रात्रीचा स्वयंपाक. फार काही नको. दोघांपुरता भात करायचा तर एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, कुकरच्या तीन शिट्या. तूरडाळीचे वरण, एक पालेभाजी, एक फळभाजी आणि पोळी किंवा भाकरी यांपैकी एक. भाकरी थापता आली नाही तरी चालेल, पण पीठ संपत आले आहे हे कळले पाहिजे. खरे काम तेच असते, संपत आलेले ओळखणे. 'सांग ना, काय करू' म्हणणारा मुलगा मदतीला बरा, संसाराला अपुरा. नोकरी करणाऱ्या मुलीला सकाळचा डबा, संध्याकाळचा स्वयंपाक आणि नवऱ्याला कामे सांगण्याचे काम, अशी तिसरी पाळी करावी लागते.

आजारपणातली सेवा हा याचाच पुढचा भाग. आजोबा अंथरुणाला खिळलेले असतील तर त्यांना कूस बदलून देणे, औषधांच्या वेळा सांभाळणे, रात्री एकदा उठणे, हे आईवर किंवा वहिनीवर ढकलणारा मुलगा पुढे बाळंतिणीच्या खोलीत काय करणार, हे वेगळे सांगायला नको.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातले आईबापांना सोडून पत्नीशी जडून राहण्याचे वचन लग्नविधीत वाचले जाते, आणि त्याच संध्याकाळी मुलगा पगाराचे एटीएम कार्ड आईकडे ठेवतो. सोडणे म्हणजे वेगळे बिऱ्हाड करणे असे आम्ही शिकवत नाही. चाळीतल्या एका खोलीत, सोसायटीच्या वन-बीएचकेत ते शक्यही नसते. पण काही गोष्टी साखरपुड्याआधी आईवडिलांसमोर बसून ठरल्या पाहिजेत. पगार कुणाच्या खात्यात राहील आणि घरात महिन्याला किती रुपये दिले जातील, तो आकडा. नवराबायकोला आतून कडी लावता येईल अशी जागा कोणती. एका खोलीच्या घरात निदान कोणत्या वेळी बाकीचे बाहेर असतील, हेही लाज न बाळगता बोलावे. सुनेने नोकरी करायची की नाही, हा निर्णय कोणाचा. आणि सासू-सुनेत कुरबुर झाली तर आईशी मुलानेच बोलायचे, बायकोला पुढे करायचे नाही. आईला एक आणि बायकोला दुसरे सांगून दोघींना खूश ठेवणारा मुलगा भांडण टाळत नसतो, लांबवत असतो. 'होय तर होय, नाही तर नाही' याची परीक्षा इथे होते.

आईवडिलांना विरोध करण्याची वेळ लग्न ठरतानाच येते. 'आम्ही काही मागत नाही, तुम्ही तुमच्या मुलीला काय द्यायचे ते द्या' हे वाक्य ख्रिस्ती घरांतही सर्रास ऐकू येते. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ सालचा आहे आणि तो सर्व धर्मीयांना लागू आहे. हुंडा घेणे आणि देणे दोन्ही गुन्हे आहेत. शिक्षा किमान ५ वर्षे कैद आणि किमान १५,००० रुपये किंवा हुंड्याच्या रकमेइतका, यांपैकी जास्त असेल तो दंड. न मागता मिळालेल्या भेटींची सही केलेली लेखी यादी ठेवावी, असे १९८५चे नियम सांगतात. ती यादी करणारे घर विरळाच. मुलाने ती स्वतः करावी आणि दुचाकी, फर्निचर, 'हॉलचा अर्धा खर्च' या गोष्टी आल्या की आपल्या वडिलांसमोर नाही म्हणावे. जातीचेही तेच. बाप्तिस्म्याला तीन-चार पिढ्या झाल्या तरी 'मूळचे कोण' हा प्रश्न स्थळ पाहताना हळूच विचारला जातो. पवित्र शास्त्र हातात धरून साक्ष देणारा तरुण त्या क्षणी जमिनीकडे पाहत बसत असेल, तर त्याच्या धैर्याबद्दल मुलीने विचार करावा.

शुद्धतेच्या विषयावर मंडळीत बोलणे टाळतात, त्यामुळे मुले ते फोनवर शिकतात. अश्लील चित्रफितींची सवय लग्न झाले की आपोआप सुटते, हा समज चुकीचा आहे. सवयीचा संबंध रिकाम्या वेळेशी, ताणाशी आणि एकांताशी असतो, आणि या तिन्ही गोष्टी लग्नानंतरही राहतात. उपाय साधे आहेत, पण नेटाने करावे लागतात. रात्री फोन उशाशी नाही, स्वयंपाकघरात चार्जिंगला. गजरासाठी शंभर-दोनशे रुपयांचे घड्याळ. आठवड्यातून एकदा एका प्रौढ, विवाहित, तोंडाने घट्ट पुरुषाला खरे काय ते सांगायचे. वाग्दत्त वधूला पहारेकरी नेमायचे नाही. तिला सत्य सांगावे, राखण तिच्यावर टाकू नये. घसरण झालीच तर ती कोणत्या वेळी, कोणत्या मनःस्थितीत झाली ते लिहून ठेवले की दोन महिन्यांत ठरावीक वेळ सापडते आणि तिथे बदल करता येतो.

दारूचे असे आहे की 'निर्व्यसनी'चा अर्थ घराघरांत वेगळा. कुठे 'फक्त नाताळला', कुठे 'मित्रांबरोबर, पण घरी पिऊन येत नाही'. खरे असेल ते सांगावे. सोडायची असेल तर लग्नाची तारीख काढण्यापूर्वी निदान सहा महिने, त्यात एखादे मित्राचे लग्न आणि एक नाताळ येईल अशा बेताने, कोरडे काढून दाखवावेत. ज्याला रोज लागते त्याने मनाने एकाएकी बंद करू नये, डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडावी; नाहीतर थरथर, झटके येऊन जिवावर बेतू शकते. यात कमीपणा काही नाही.

रक्ततपासणी दोघांनीही करावी: एचआयव्ही, थॅलेसेमिया, आणि नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूरसारख्या भागांतून आलेल्यांनी सिकलसेल. जुने आजार, चालू असलेल्या मानसिक आजाराच्या गोळ्या, मोडलेला आधीचा साखरपुडा हेही सांगून टाकावे. मुलींकडून ही माहिती खोदून काढली जाते, मुलाकडून कुणी मागत नाही. त्याने आपणहून द्यावी.

कागदपत्रांवर फार वेळ घालवत नाही, ते पाळक सांगतातच. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लग्न साधारणपणे सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळातच लागते, आणि परवानाधारक पाळकाने नोटिशीवरून दिलेल्या प्रमाणपत्राची मुदत दोन महिन्यांची असते. ती उलटली तर पुन्हा नोटीस. मुलगा कॅथलिक आणि मुलगी प्रोटेस्टंट असेल तर धर्मप्रांताची, म्हणजे बिशपांची, परवानगी आधी काढावी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रविवारी कोणत्या मंडळीत जायचे आणि मुलांचा बाप्तिस्मा तान्हेपणी की जाणतेपणी, हे आधी बोलून घ्यावे. 'पुढचे पुढे पाहू' म्हणून ढकलले की ते पहिल्या बाळाच्या बारशाला दोन्ही आज्यांच्या मध्ये येऊन उभे राहते. मृत्युपत्र केलेले असेल तर १९२५च्या भारतीय वारसा कायद्यानुसार ख्रिस्ती माणसाचे आधीचे मृत्युपत्र लग्नाने रद्द होते, ते नव्याने करावे. भविष्य निर्वाह निधीचे नामनिर्देशनही नव्याने भरावे. घरच्यांची तरतूद न करणाऱ्याने विश्वास नाकारला आहे असे तीमथ्याला लिहिले आहे, आणि तरतूद म्हणजे बहुतेक वेळा असले कंटाळवाणे फॉर्मच असतात.

कॅथलिक धर्मग्रामांत लग्नाआधी तयारीचा अभ्यासक्रम असतो आणि फादर वधूवरांना वेगवेगळे बसवून प्रश्न विचारतात. आपल्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत मात्र हॉल ठरल्यावर, पत्रिका छापल्यावर, चर्चमध्ये लग्नाची घोषणा होते त्या तीन रविवारांत कधीतरी पाऊण तास बोलणे होते. त्या वेळी काही निघाले तरी कोण थांबवणार? मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलवर्गाने नियम करावा की मार्गदर्शनाच्या दीड-दीड तासाच्या किमान सहा बैठका साखरपुड्याच्या आधी होतील, त्यांतल्या दोन मुलाबरोबर एकट्याने. वर सांगितलेली खर्चाची वही, देण्याघेण्याचा कागद आणि तिघांशी झालेले बोलणे यांशिवाय तारीख देऊ नये. नीतिसूत्रे २४:२७ मध्ये बाहेरचे काम, शेतातले काम उरकून मगच घर बांधायला सांगितले आहे. मंडळीने हाच क्रम लावावा.

त्यातून लग्न पुढे ढकलायची वेळ आली तर ती कशी हाताळायची हेही ठरलेले असावे. पाळकांनी दोन्ही घरच्यांना एकाच वेळी बोलावून सांगावे, एका घराने दुसऱ्याला फोनवर कळवू नये. मंडळीपुढे कारण सांगायचे नाही, 'लग्न पुढे गेले आहे' एवढेच. साखरपुड्यातले दागिने, कपडे यादीप्रमाणे पंधरा दिवसांत परत. मुलाला सहा महिन्यांची मुदत, नेमके कोणते काम करायचे ते लिहून, आणि कुणाकडे दर आठवड्याला जायचे त्याचे नाव घालून. हॉलचा आगाऊ भरलेला पैसा बुडेल. ज्या बाजूमुळे तारीख बदलली त्या बाजूने तो सोसावा. मुलीला मात्र सहा महिने थांबण्याचे बंधन घालू नये.

कळावे,
आपले,
मराठी मंडळ्यांत विवाहपूर्व मार्गदर्शन करणारे काही कार्यकर्ते